खाडीकाठच्या पेठेचे पुनरुज्जीवन आणि स्थानिकांचा सहभाग : नागोठण्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रास्ताविक

शहराचा वा मोठ्या गावाचा मध्यभाग जुना झाला, रस्ते अपुरे पडू लागले, व्यापार दुसरीकडे सरकला, की त्या भागाच्या पुनरुज्जीवनाच्या योजना आखल्या जातात. गेल्या तीन दशकांत अशा बहुतेक योजनांच्या कागदपत्रांत ‘लोकसहभाग’ हा शब्द हमखास आढळतो. सहभागाची आवश्यकता आता कोणी नाकारीत नाही. मात्र ज्या लोकांचा सहभाग घ्यावयाचा ते लोक कोण, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. तेथे राहणारे, तेथे मालमत्ता असणारे, तेथे दुकान चालविणारे, की तेथे केवळ बाजाराला येणारे? या प्रश्नाचे उत्तर गृहीत धरले जाते आणि पुढे योजनेचे यशापयश बऱ्याच अंशी त्या गृहीतावरच ठरते.

प्रस्तुत लेखात हा प्रश्न रायगड जिल्ह्यातील नागोठणे या खाडीकाठच्या पेठेच्या संदर्भात तपासला आहे. नागोठण्याचा विचार करताना दोन अन्य ठिकाणांकडे वळणे अपरिहार्य ठरते. पहिले ठिकाण महाड. ते याच जिल्ह्यातले आणि नागोठण्यासारखेच नदीमुखे वाढलेले गाव असून, तेथील मध्यवर्ती सार्वजनिक जागेवर ‘स्थानिक कोण’ हा वाद १९२७ साली उघडपणे झाला. दुसरे ठिकाण मुंबईचा कोट विभाग. नागोठण्याचा माल शतकानुशतके ज्या बंदरात उतरला, त्या शहराच्या जुन्या केंद्राचे पुनरुज्जीवन नागरिकांच्या संघटनांनी १९९० नंतर हाती घेतले आणि त्याचे चांगले-वाईट दोन्ही परिणाम आज पाहता येतात.

नागोठण्याची पेठ : उदय आणि स्थलांतर

जुन्या कुलाबा जिल्ह्यातील बाजारपेठांची स्थाने नकाशावर पाहिली तर एक गोष्ट सहज लक्षात येते. पेण, नागोठणे, रोहे आणि महाड या चारही पेठा समुद्रकिनाऱ्यावर नाहीत आणि घाटाच्या पायथ्यालाही नाहीत. भोगावती, अंबा, कुंडलिका आणि सावित्री या नद्यांमधून भरतीचे पाणी जेथवर आत चढते, त्या टोकाच्या आसपास त्या वसल्या. गलबत तेथवर येई आणि त्यापुढे बैल लागे. जलमार्ग संपून खुष्कीचा मार्ग जेथे सुरू होतो तेथे माल उतरवावा लागतो, मोजावा लागतो, साठवावा लागतो आणि त्याचा सौदाही तेथेच होतो. वखार, धर्मशाळा, नाका, सावकाराची पेढी, बैलांना पाणी पाजण्याची जागा हे सारे अशा ठिकाणी आपोआप एकत्र येते. पेठ कोणी राजाने वा अधिकाऱ्याने आखून दिली असे क्वचितच घडले. भरतीची रेषा हाच तिचा आराखडा होता.

अंबा नदी सह्याद्रीत खोपोली-खंडाळ्याच्या परिसरात उगम पावून जांभूळपाडा, पाली या बाजूने नागोठण्यास येते आणि पुढे धरमतरच्या खाडीला मिळते. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात, १५२९ च्या सुमारास, पोर्तुगीज आरमार या खाडीत शिरून काठची गावे जाळून गेल्याची नोंद १८८३ च्या कुलाबा जिल्हा गॅझेटियरमध्ये आढळते. जाळण्याजोगे काही असल्याखेरीज आरमार नदीत इतके आत येत नाही. त्या काळी या भागात गुजरातच्या सुलतानाचा अंमल होता. पुढे निजामशाही, मराठे आणि इंग्रज अशा राजवटी येथे बदलल्या. इंग्रजी अमदानीत नागोठणे हा पेण तालुक्याचा पेटा होता. आज ते रोहा तालुक्यात मोडते. महसुली सीमा अशा बदलत गेल्या तरी पेठेचे गिऱ्हाईक मात्र पेण, रोहा आणि सुधागड या तिन्ही बाजूंनी येत राहिले. ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची ठरते.

नागोठण्याची सर्वांत जुनी आणि ठळक खूण म्हणजे तेथील दगडी पूल. चौलच्या काझी अलाउद्दीन याने सुमारे १५८२ मध्ये तो बांधला आणि त्यासाठी तीन लाख रुपये खर्च आला, अशी परंपरा गॅझेटियरने नोंदविली आहे. खर्चाच्या आकड्याबाबत सावधगिरी बाळगणे योग्य. परंपरेने सांगितलेले आकडे वाढत जातात. तथापि, निजामशाहीतील चौलसारख्या नामांकित बंदराच्या काझीला नागोठण्यात पूल उभारावासा वाटला, यावरून या वाटेने जाणाऱ्या वाहतुकीचे मोल कळते. पूल अरुंद आहे. तो गाड्यांसाठी नव्हे, तर माणसांसाठी आणि लादलेल्या जनावरांसाठी बांधला गेला हे त्याच्या रुंदीवरूनच दिसते. चारशेहून अधिक पावसाळे त्याने काढले. त्या मानाने त्याच्याकडे विद्वानांचे लक्ष फारच कमी गेले आहे. कोकणच्या इतिहासात किल्ल्यांना जेवढी पाने मिळाली त्याच्या शतांशही पाने पूल, धक्के आणि वखारी यांच्या वाट्याला आलेली नाहीत.

पेठेचे वर्ष पावसाने बांधलेले होते. भात, मीठ, लाकूड आणि कोळसा मचव्यांतून व पडावांतून मुंबईकडे जाई आणि परतीच्या फेरीत कापड, किराणा, भांडी, कौले येत. जून लागला की होड्या किनाऱ्यावर ओढल्या जात आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात उतरत. या व्यवहारात नौकानयन करणारे कोळी व कोकणी मुसलमान, मिठागरांत राबणारे आगरी, भात पिकविणारे कुणबी, सौदे करणारे वाणी, घाटावरून तांडे आणणारे लमाण, डोंगरातून लाकूड-कोळसा उतरविणारे कातकरी व ठाकर असे अनेक समाज गुंतलेले होते. यांतील कित्येकजण नागोठण्यात राहत नसत, पण त्यांच्यावाचून पेठ चालली नसती.

१८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे गेली आणि घाटमाथ्याचा माल खाडीबंदरे टाळून थेट मुंबईस पोचू लागला. कुलाबा जिल्ह्यातील सर्वच खाडीपेठांना याची झळ बसली, तरीही स्थानिक भाताचा व मिठाचा व्यापार जलमार्गाने पुढे बराच काळ चालू राहिला. त्याचा शेवट मोटारीने केला. विसाव्या शतकात मुंबई-गोवा रस्ता हा कोकणचा मुख्य मार्ग झाला, मालमोटारीला भरती-ओहोटीची वाट पाहावी लागत नव्हती, आणि खाडीतील गाळ काढण्याची निकड कोणाला उरली नाही. १९८० च्या दशकात रोह्यापर्यंत रेल्वे आली. त्याच सुमारास नागोठण्याजवळ इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशनचा मोठा प्रकल्प उभा राहू लागला. ही कंपनी २००७ मध्ये रिलायन्स इंडस्ट्रीजमध्ये विलीन झाली. नव्या वसाहती, कंत्राटदारांच्या कचेऱ्या, बँका, उपाहारगृहे ही सारी महामार्गाच्या बाजूला सरकत गेली. २०११ पासून सुरू झालेले पनवेल ते इंदापूर टप्प्याचे चौपदरीकरण वर्षानुवर्षे रखडले. या काळात धूळ, वळणरस्ते आणि खड्डे यांचा उपद्रव मात्र काठच्या सर्व गावांनी भोगला. तात्पर्य, ज्या पेठेचे तोंड नदीकडे होते तिला आता पाठीमागच्या रस्त्याकडे वळून बसावे लागले.

पूर, जोते आणि रस्त्याची उंची

पेठेच्या प्रश्नात पुराचा विचार वगळता येत नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर अतिवृष्टी आणि त्याच वेळी खाडीत मोठी भरती असा योग आला की अंबेचे पाणी पुढे सरकत नाही व मागे फुगते. १९८९ च्या जुलैमध्ये याच नदीच्या पुराने वरच्या अंगाला जांभूळपाड्यात मोठी प्राणहानी केली. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीने रायगड जिल्ह्यात जो हाहाकार उडविला तो सर्वश्रुत आहे. त्यानंतरही पावसाळ्यात नागोठण्याचा कोळीवाडा, बसस्थानक आणि बाजाराचा सखल भाग यांत पाणी शिरल्याच्या बातम्या वारंवार येत राहिल्या.

जुन्या पेठांतील दुकाने रस्त्यापासून दोन-तीन पायऱ्या उंच जोत्यावर असत. ती शोभेसाठी नव्हती. पाणी किती चढते याचा पिढ्यांचा अनुभव त्या जोत्यांत बांधून ठेवलेला होता. अलीकडच्या काळात कोकणातील अनेक पेठांत सुशोभीकरणाच्या नावाखाली रस्त्यावर काँक्रीटचा थर चढविला जातो, काही वर्षांनी त्यावर आणखी एक थर येतो, आणि एके दिवशी रस्ता जोत्याच्या पातळीला येऊन बसतो. मग पूर्वी पायरीवर थांबणारे पाणी गल्ल्यापर्यंत येते. हा दोष अभियंत्याच्या अज्ञानाचा क्वचितच असतो. ज्या दुकानदाराला, ज्या कोळीणीला पाणी नेमके कोठून शिरते हे ठाऊक आहे, तिला आराखड्याच्या वेळी कोणी विचारलेले नसते. लोकसहभाग हे सौजन्य नसून माहितीचे साधन आहे, हे समजण्यास याहून सोपे उदाहरण मिळणे कठीण.

महाड : सार्वजनिक जागा कोणाची?

सहभागाचा प्रश्न केवळ माहितीचा नाही, अधिकाराचाही आहे. त्याचा सर्वांत मोठा धडा याच जिल्ह्यात महाडने दिला. महाड हेही सावित्रीच्या काठचे, भरतीच्या टोकाशी वाढलेले व्यापारी गाव. तेथील चवदार तळे गावाच्या मध्यवस्तीत असून ते नगरपालिकेच्या ताब्यात होते.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मंजूर झाला. सार्वजनिक निधीतून बांधलेली वा चालविली जाणारी पाणवठे, विहिरी, धर्मशाळा ही स्थाने अस्पृश्य मानल्या गेलेल्या वर्गांना खुली करावीत, असा त्याचा आशय होता. महाड नगरपालिकेने त्यास अनुसरून जानेवारी १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव दप्तरात राहिला. तळ्यावर जाण्याची हिंमत कोणी करू शकले नाही. आसपासच्या खेड्यांतून बाजारासाठी, सरकारी कामासाठी महाडात येणाऱ्या अस्पृश्य स्त्री-पुरुषांना भरगावात, पाण्याच्या काठावर, तहानलेले राहावे लागे. इतरधर्मीयांना जे पाणी मोकळे होते ते त्यांना नव्हते.

१९ व २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरली. रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस यांचा तिच्या संयोजनात मोठा वाटा होता. टिपणीस हे नगरपालिकेच्या कारभाराशी निकटचा संबंध असलेले गृहस्थ होते. दुसऱ्या दिवशी प्रतिनिधी मिरवणुकीने तळ्यावर गेले व त्यांनी पाणी प्राशन केले. त्यानंतर परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले आणि पुढे तळ्याचे ‘शुद्धीकरण’ही करण्यात आले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह करण्याचे ठरले, तेव्हा परिषदेस जागा मिळेना. अखेर एका मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली.

या ठिकाणी न्यायालयीन वादाचे स्वरूप विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. काही स्पृश्य रहिवाशांनी डिसेंबर १९२७ मध्ये दावा दाखल करून मनाई हुकूम मिळविला. त्यांचे म्हणणे असे की, तळे सार्वजनिक नसून त्या परिसरातील स्पृश्य समाजाच्या मालकीचे आहे आणि तशी वहिवाट अनादि काळापासून आहे. म्हणजे ‘आम्हीच येथले स्थानिक’ हाच दाव्याचा गाभा होता. कनिष्ठ न्यायालयाने १९३१ मध्ये, ठाण्याच्या अपील न्यायालयाने १९३३ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी हा दावा फेटाळला. मनाई करणारी अशी प्राचीन वहिवाट सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष निघाला. तळ्यावर जाण्याचा हक्क कायद्याने प्रस्थापित होण्यास सत्याग्रहानंतर दहा वर्षे लागली.

पुनरुज्जीवनाच्या चर्चेत महाडचा उल्लेख सहसा केला जात नाही. तो सामाजिक समतेच्या इतिहासाचा विषय मानला जातो. वस्तुतः गावाच्या मध्यवर्ती जागेचा वापर कोणी करावा हे ठरविताना स्थानिक लोकमताचाच आधार घेतला गेला आणि ते लोकमत अन्यायाच्या बाजूने उभे राहिले, हे महाडचे वास्तव आहे. नगरपालिका ही लोकनियुक्त संस्था होती. तिने खुले केले, तिनेच बंद केले. आणि ज्यांचा प्रश्न होता त्यांतील पुष्कळजण महाडचे रहिवासी नसून बाजाराला येणारे खेडूत होते. रहिवाशांच्या बहुमताने त्यांचा निर्णय व्हावा का? १९२७ सालचा हा प्रश्न कोणत्याही पेठेच्या आराखड्याला आजही विचारता येतो.

मुंबईचा कोट : संघटनांचा मार्ग

मुंबईत हा प्रश्न वेगळ्या रूपात आला. सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना १८६० च्या दशकात किल्ल्याचे तट पाडण्यात आले व मोकळ्या झालेल्या जागेतून नवे रस्ते निघाले. त्यांपैकी हॉर्नबी रोड, म्हणजे आजचा दादाभाई नौरोजी मार्ग, याच्या कडेने इमारती बांधताना तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानदार पडवी सोडण्याचा नियम १८९६ मध्ये लागू झाला. निरनिराळ्या मालकांच्या, निरनिराळ्या शैलींच्या इमारती असूनही या रस्त्याला एकसंधपणा आला तो त्या पडवीमुळे. स्वातंत्र्योत्तर काळात भाडेनियंत्रणामुळे मालकांना दुरुस्तीत स्वारस्य राहिले नाही, कार्यालये उत्तरेकडे सरकू लागली, आणि दुकानांच्या पाट्या इतक्या वाढल्या की त्यांच्यामागे इमारती दिसेनाशा झाल्या.

१९९५ मध्ये बृहन्मुंबईसाठी वारसा विनियम लागू झाले. वारसा वास्तूंची अधिकृत यादी करून त्यांना नगरनियोजनाच्या नियमांत संरक्षण देणाऱ्या भारतातील आरंभीच्या प्रयत्नांत त्यांची गणना होते. पण विनियम केवळ मोडतोड रोखू शकतात. रस्त्यात जीव आणणे त्यांच्या हाती नसते. ते काम संघटनांनी केले. १९९८ मध्ये काळा घोडा असोसिएशन स्थापन झाली व १९९९ पासून तिने कलामहोत्सव भरविण्यास आरंभ केला. महोत्सवातून उभा राहणारा निधी परिसरातील वास्तूंच्या जतनासाठी वापरावा, ही त्यामागील कल्पना. ज्या अश्वारूढ पुतळ्यावरून परिसराला नाव मिळाले तो सातव्या एडवर्डचा पुतळा १९६५ मध्येच भायखळ्याच्या राणीच्या बागेत हलविला गेला होता. नाव मात्र लोकांनी सोडले नाही. २०१७ मध्ये असोसिएशनने तेथे स्वाररहित घोड्याचे नवे शिल्प बसविले. राजा गेला आणि घोडा उरला, हा लोकस्मृतीचा निवाडा त्यात आपोआप उतरला आहे.

दादाभाई नौरोजी मार्गाचे काम अधिक बोधप्रद आहे. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी मुंबई महानगर प्रदेश वारसा जतन संस्थेच्या साहाय्याने या रस्त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. पाटी कमानीच्या आत बसावी, कोरीव काम झाकू नये, अक्षरांचा आकार मर्यादित असावा, अशी ती साधी तत्त्वे होती. त्यांची सक्ती करण्याऐवजी दुकानदारांना एकेकटे गाठून पटवून देण्याचा मार्ग पत्करला गेला. एका दुकानदाराने पाटी लहान केली आणि शेजाऱ्याने केली नाही तर पहिल्याचे नुकसान, ही रास्त भीती होती. ती सर्वांनी मिळून बदल केल्यानेच दूर होणार होती. पुढे या मार्गावरील मंडळींची ‘हेरिटेज माइल असोसिएशन’ स्थापन झाली व युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा-जतन पुरस्कारांत २००४ साली या प्रकल्पाची दखल घेतली गेली. ओव्हल मैदानाच्या बाबतीतही परिसरातील रहिवाशांच्या संघटनेने न्यायालयाचा मार्ग अवलंबून मैदानाची देखभाल आपल्याकडे घेतली. २०१८ मध्ये व्हिक्टोरियन व आर्ट डेको वास्तुसमूहाचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यामागेही नागरिकांच्या संघटनांचे दीर्घ प्रयत्न होते.

या यशाला एक मर्यादा आहे आणि ती झाकून ठेवण्याचे कारण नाही. या संघटना प्रामुख्याने रहिवासी, मालक, दुकानदार व संस्था यांच्या होत्या. ज्या पडवीच्या जतनासाठी एवढा खटाटोप झाला, त्याच पडवीत बसणारे फेरीवाले त्यांचे सभासद नव्हते. कोटातील हजारो कारकून, शिपाई, माथाडी यांचे दुपारचे खाणे, स्वस्त वस्तू, जुनी पुस्तके यांची सोय याच फेरीवाल्यांनी केली. त्यांच्यापुरता सहभागाचा अर्थ दीर्घ काळ महापालिकेच्या अतिक्रमणविरोधी गाडीपुरताच राहिला. पथविक्रेत्यांचा केंद्रीय कायदा २०१४ मध्ये आला, त्यात नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडून यावेत आणि त्यांत एक-तृतीयांश स्त्रिया असाव्यात अशी तरतूद झाली. सहभागाला कायद्याचे बळ मिळाले ते संघटनांच्या वारसा-कार्यानंतर जवळजवळ दोन दशकांनी.

ग्रामसभा आणि पेठेचा समाज

नागोठण्याकडे परत वळल्यास एक मोठा फरक दिसतो. मुंबईकरांना आपले म्हणणे मांडण्यासाठी संघटना उभाराव्या लागल्या, कारण महापालिकेच्या रचनेत सामान्य मतदाराने प्रत्यक्ष बसून निर्णय घ्यावा अशी जागाच नव्हती. नागोठण्याचा कारभार ग्रामपंचायतीकडे आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार आणि १९९३ मध्ये अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर ग्रामसभा ही घटनामान्य संस्था आहे. मतदारयादीत नाव असलेली प्रत्येक प्रौढ व्यक्ती तिची सभासद असते. मालकी लागत नाही, वर्गणी लागत नाही, निमंत्रणही लागत नाही. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे. सार्वजनिक रस्त्यांवरील अडथळे व अतिक्रमणे यांविषयीचे अधिकारही पंचायतीला आहेत. म्हणजे पेठेतील जोते, गटार, धक्का, पुलाची डागडुजी, बसण्याच्या जागा यांविषयी निर्णय घेण्याचे व्यासपीठ नागोठण्यात आयतेच उपलब्ध आहे.

व्यासपीठ असणे आणि ते वापरले जाणे यांत अंतर पडते, हे खरे. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती गणपूर्ती मानली जाते आणि तीही न झाल्यास सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधन नसते. महाराष्ट्रातील मोठ्या गावांत कित्येक महत्त्वाचे ठराव अशा तहकूब सभांतच मंजूर होतात, हे ग्रामीण राजकारणाच्या अभ्यासकांस नवीन नाही. तथापि, लोक कामाला हात लावीतच नाहीत असेही नाही. २०००-०१ मध्ये सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात राज्यभरच्या गावांनी श्रमदानाने गटारे उपसली, चौक झाडले, भिंती रंगविल्या. अभियानाचा भर स्पर्धेवर व पारितोषिकांवर असल्याने परीक्षणाची तारीख उलटल्यावर उत्साह ओसरला, ही टीका रास्त आहे. पण विषय डोळ्यांसमोरचा आणि काम हाताने करण्याजोगे असेल तर लोक येतात, एवढे त्या अभियानाने दाखवून दिले. पेठ हा विषय नेमका तशा प्रकारचा आहे.

खरी अडचण निराळीच आहे आणि ती महाडच्या अनुभवातून दिसते. ग्रामसभा गावाची असते. पेठ केवळ गावाची नसते. पावसाळा सुरू झाला की रोहा, पेण, सुधागड या तालुक्यांतील डोंगरवाड्यांतून कातकरी व ठाकर स्त्रिया टाकळा, कुर्डू, भारंगी यांसारख्या रानभाज्या घेऊन जवळच्या बाजारगावांत उतरतात. हिवाळ्या-उन्हाळ्यात कंद, करवंदे, लाकूडफाटा, सुकी मासळी येते. या स्त्रियांचे मत त्यांच्या वाडीच्या ग्रामपंचायतीत असते आणि उपजीविका पेठेत असते. पेठेच्या ग्रामसभेत त्यांना मत नाही. पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदा मुख्यत्वे नागरी संस्था डोळ्यांसमोर ठेवून केलेला असल्याने ग्रामपंचायतीच्या पेठेत त्यांच्यासाठी समितीही नाही. मुंबईच्या फेरीवाल्याला उशिरा का होईना जे मिळाले, तेही खाडीपेठेतल्या टोपलीवालीला मिळालेले नाही. रस्ता रुंद करताना, धक्क्यावर बाग करताना, बसस्थानकाचा परिसर मोकळा करताना पहिल्यांदा उठविली जाते ती हीच टोपली, कारण तिच्या बाजूने ठरावावर हात वर करणारे कोणी सभेत नसते.

यावर तोडगा काढण्यास नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. ग्रामपंचायतीला समित्या नेमण्याचा अधिकार आहेच. पेठेसाठी अशी समिती नेमून तीत दुकानदार, कोळीवाडा व मोहल्ला यांच्याबरोबर आसपासच्या ग्रामपंचायतींतील वाड्यांचे प्रतिनिधी निमंत्रित म्हणून घेता येतील. निमंत्रितांना मताचा अधिकार देता येत नसला तरी त्यांचे म्हणणे इतिवृत्तात नोंदविले जाऊ शकते. महाडच्या दाव्यात कागदावरच्या नोंदींनाच किती महत्त्व आले हे लक्षात घेता ही बाब क्षुल्लक नाही. अंबेच्या काठी भरतीचे पाणी पोचते तेथे १९९१ पासून किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंधही विचारात घ्यावे लागतात, त्यामुळे नदीकाठी कायम बांधकामाला वाव थोडाच आहे. उलट उचलता येण्याजोग्या, पुराच्या दिवशी हलविता येण्याजोग्या बैठका टोपलीवाल्यांच्या सोयीच्या आणि नियमांच्याही आतल्या ठरतात.

समितीचे पहिले काम बहुधा मोजणीचे असेल. पूर कोणत्या पायरीपर्यंत येतो, कोणत्या दिवशी किती टोपल्या कोठे बसतात, त्या कोणत्या गावांहून येतात, पुलावरून दिवसभरात किती माणसे पायी जातात, याची नोंद आराखडा काढण्यापूर्वी व्हावयास हवी. ती पावसाळ्यातच करावी लागेल. जानेवारीच्या कोरड्या दिवसांत पेठ पाहून आखलेल्या योजनेत पाणीही दिसत नाही आणि रानभाज्याही दिसत नाहीत. १५ ऑगस्टची ग्रामसभा या दृष्टीने सोयीची आहे. त्या सुमारास नदी भरलेली असते, नारळी पौर्णिमा जवळ आलेली असते आणि डोंगरावरून उतरलेली माणसे बाजारातच असतात.